विश्लेषण : ११३ शर्यती, एकही विजय नाही… तरीही ‘हारु उरारा’ जपानची लाडकी का ठरली?

जपानमधील शर्यतीची घोडी ‘हारु उरारा’ ९ सप्टेंबर २०२५ रोजी वयाच्या २९ व्या वर्षी पोटशुळाने दगावली. ती ११३ वेळा धावली आणि ११३ वेळा हरली. तरीही तिच्या मृत्यूची बातमी जगभर पोहोचली. या लोकप्रियतेमागे केवळ भावना होती की अर्थकारणही?

कोण होती हारु उरारा?

मराठी कानाला नावातच ‘हार’ ऐकू येते. पण जपानीत ‘हारु’ म्हणजे वसंत. पूर्ण नावाचा अर्थ वसंतातील प्रसन्न, उबदार हवा. तिचा जन्म फेब्रुवारी १९९६ मध्ये होक्काइदो बेटावर झाला. बाप निप्पो तेइओ नावाजलेला घोडा. पण ही अंगाने लहान, त्यामुळे विक्रीत कोणी घेतली नाही. अखेर तिची रवानगी शिकोकू बेटावरील कोची या छोट्या रेसकोर्सवर झाली. नोव्हेंबर १९९८ मध्ये पहिल्याच शर्यतीत ती शेवटची आली. पुढे काही वेळा दुसरा क्रमांक मिळाला, पहिला कधीच नाही.

कोची रेसकोर्स अडचणीत का होता?

जपानमध्ये दहा मोठे रेसकोर्स राष्ट्रीय संस्था चालवते. उरलेले प्रांतिक सरकारे व नगरपालिकांकडे असतात. नव्वदच्या दशकातील मंदीनंतर या स्थानिक रेसकोर्सची तिकीटविक्री घसरली. २००१ मध्ये नाकात्सु, २००२ मध्ये मासुदा बंद पडले. कोचीचा साचलेला तोटा सुमारे ८८० कोटी येन होता. सरकारने तो निस्तरला, पण नवा तोटा झाल्यास टाळे लागणार होते. अशा वेळी, २००३ मध्ये, सतत हरणाऱ्या घोडीची गोष्ट वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. नोकरकपातीने हैराण झालेल्या जपानी माणसाला हरूनही पुन्हा धावणारी ही घोडी आपलीशी वाटली.

हरणाऱ्या घोडीवर लोकांनी पैसे का लावले?

जपानीत तिकीट ‘लागणे’ आणि वाहनाची धडक ‘लागणे’ यांसाठी एकच क्रियापद आहे. त्यामुळे कधीच न ‘लागणारे’ तिचे तिकीट अपघातापासून राखणारा ताईत म्हणून गाडीत ठेवले जाऊ लागले. रेसकोर्सच्या दृष्टीने हे फायद्याचेच होते. लावलेली सारी रक्कम एकत्र होते, आयोजक त्यातून सुमारे चौथा हिस्सा काढून घेतो आणि उरलेली विजेत्यांत वाटली जाते. म्हणजे कोण जिंकले याने आयोजकाला फरक पडत नाही. तिकिटे किती खपली याने पडतो.

२२ मार्च २००४ रोजी जपानचा अव्वल जॉकी युताका ताके तिच्यावर स्वार झाला. सुमारे १३ हजार प्रेक्षक आले, एकट्या तिच्यावर १२ कोटी येनहून अधिक रक्कम लागली आणि ती चक्क शर्यतीची ‘फेव्हरिट’ ठरली. अकरा घोड्यांत ती दहावी आली.

मग तिनेच रेसकोर्स वाचवला का?

तसे सांगितले जाते, पण ते अर्धसत्य आहे. लाट ओसरताच उत्पन्न पुन्हा घसरले. कोची खऱ्या अर्थाने सावरला तो २००९ मध्ये रात्रीच्या शर्यती सुरू झाल्यावर आणि पुढे इंटरनेटवरून देशभरातून पैसे लावता येऊ लागल्यावर. मात्र त्या दिवसापर्यंत तग धरायला हारु उराराने वेळ मिळवून दिला, हे खरे.

निवृत्तीनंतर काय झाले?

ऑगस्ट २००४ मधील शर्यत तिची शेवटची ठरली. नंतर मालकाने तिला कोचीबाहेर हलवले; प्रशिक्षकाला ते मान्य नव्हते. २००६ मध्ये ती अधिकृतपणे निवृत्त झाली आणि लोकांच्या नजरेआड गेली. काही वर्षांनी ती चिबा प्रांतातील एका फार्मवर असल्याचे समजले. मालकाकडून खर्च येणे थांबल्यावर चाहत्यांच्या वर्गणीवर तिचा सांभाळ झाला. शर्यतीच्या घोड्यांवर बेतलेल्या ‘उमा मुसुमे’ या मोबाइल गेममध्ये तिच्या नावाचे पात्र आहे. जून २०२५ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती आली, तेव्हा परदेशी चाहत्यांनी तिच्यासाठी गवत दान करायला इतकी गर्दी केली की संकेतस्थळच कोलमडले.

यातून कोणता प्रश्न उरतो?

जपानमध्ये दरवर्षी सात हजारांहून अधिक थरोब्रेड शिंगरे जन्मतात. जिंकलेल्या घोड्यांना पैदाशीसाठी मागणी असते. बाकीच्यांपैकी काही घोडेस्वारीच्या शाळांत जातात, तर काहींची वाट कत्तलखान्याकडे जाते. अलीकडे निवृत्त घोड्यांसाठी निधी आणि पुनर्प्रशिक्षणाची व्यवस्था उभी राहू लागली आहे, पण घोड्यांची संख्या पाहता ती अपुरी आहे. हारु उराराला म्हातारपण लाभले ते ती प्रसिद्ध होती म्हणून. तिच्यासारख्याच हरलेल्या, पण नाव न झालेल्या घोड्यांना तो आधार नाही.