तयार घ्या, पण पारखून घ्या



लाकडावर किंवा अ‍ॅक्रिलिकवर आपोआप नक्षी कोरणारे छोटे सी.एन.सी. राउटर स्वतः बनवावे, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. (येथे राउटर म्हणजे घरात इंटरनेट पुरवणारी डबी नव्हे, तर वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारे सुताराचे यंत्र.) चौकट सुताराकडून करून घेता येते, स्क्रू आणि दांडे बाजारात मिळतात. गाडी अडते ती मोटरींवर हुकमत चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांपाशी. ते घरी जोडावेत की तयार आणावेत?

"तयार आणले तर विद्यार्थी शिकला काय?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. मला हा आक्षेप पटत नाही. पोळी करायला शिकणाऱ्याने आधी गहू पेरलाच पाहिजे, असे आपण म्हणत नाही. परंतु "दिसेल ती स्वस्त पेटी आणा आणि तारा जोडा" हा सल्लाही तितकाच घातक आहे. माझे म्हणणे असे की, नियंत्रणाचे भाग तयारच घ्यावेत, पण सुटेसुटे घ्यावेत आणि प्रत्येकाचे काम समजल्यावरच घ्यावेत.

तयार का, ते आधी पाहू. संख्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५२ साली दाखवले गेले. त्याच्या नियंत्रकात निर्वात नलिका आणि रिले यांनी भरलेली कपाटे होती. आज तसले काम तळहातावर मावणारा आर्डुइनो ऊनो हा बोर्ड करू शकतो. त्याच्या मायक्रोकंट्रोलरची तात्पुरती स्मृती अवघी २ किलोबाइट आहे. तरीही तो तीन मोटरी एका तालात चालवतो, याचे श्रेय त्यात भरायच्या 'जी.आर.बी.एल.' या आज्ञावलीला आहे. सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी २००९ साली ती सुरू केली आणि पुढे इतरांनी ती सुधारली. ती मोफत मिळते आणि तिची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते. इतक्या जणांनी पारखलेली वस्तू हाताशी असताना तीच पुन्हा घडवण्यात तुमची सुट्टी का घालवावी?

आता तिचे काम पाहा. नेहमीच्या स्टेपर मोटरीचा एक फेरा २०० पायऱ्यांत होतो. प्रत्येक पायरीचे १६ सूक्ष्म भाग केले, तर एका फेऱ्याला ३,२०० स्पंद लागतात. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू असेल, तर दर मिलिमीटरला ४०० स्पंद झाले. हत्यार सेकंदाला ४० मिलिमीटर न्यायचे, तर सेकंदाला १६,००० स्पंद हवेत. ऊनोवरील ही आज्ञावली सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंद देऊ शकते. म्हणजे छोट्या यंत्राला ती पुरून उरते. हा हिशेब ज्याने केला, त्याला महागडा बोर्ड गळ्यात मारणे कठीण!

परंतु स्पंद म्हणजे केवळ इशारा. त्याने मोटर फिरत नाही. इशाऱ्याबरहुकूम वेटोळ्यांत प्रवाह सोडणारा भाग म्हणजे ड्रायव्हर, आणि पदार्थविज्ञानाची खरी गंमत येथेच आहे. एक मोटर घेऊ. वेटोळ्याचा रोध १.५ ओहम, प्रवाह १.७ अँपिअर. ओहमच्या नियमाने दाब २.५५ व्होल्ट पुरे. मग दुकानदार २४ व्होल्टचा पुरवठा का सुचवतो? तो फसवतो का? नाही. वेटोळे प्रवाहातील बदलाला विरोध करते. त्याचे प्रवर्तकत्व २.८ मिलिहेन्री असेल, तर २.५५ व्होल्टवर प्रवाह जवळजवळ पूर्ण चढायला ५ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. मोटर सेकंदाला ५ फेरे घेत असेल, तर एका पायरीला मिळतो फक्त १ मिलिसेकंद! २४ व्होल्टवर तोच प्रवाह सुमारे ०.२ मिलिसेकंदात चढतो. तो ठरलेल्या मर्यादेला पोचला, की ड्रायव्हर दाब क्षणोक्षणी तोडून-जोडून त्याला तेथेच रोखून धरतो.

ही मर्यादा आपणच ठरवायची असते आणि आंधळी खरेदी महागात पडते ती येथे. 'ए ४९८८' या चिपचे छोटे ड्रायव्हर सर्रास मिळतात. त्यांवरील इवलासा स्क्रू फिरवून एक संदर्भदाब ठरवतात. त्या दाबाला, प्रवाह मोजणाऱ्या रोधकाच्या आठपटीने भागले की प्रवाहाची मर्यादा मिळते. रोधक ०.१ ओहमचा असेल, तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर. पण अगदी तसेच दिसणारे काही ड्रायव्हर ०.०५ ओहमचा रोधक लावून येतात. तेथे त्याच ०.८ व्होल्टला २ अँपिअर! प्रवाह दुप्पट म्हणजे वेटोळ्यातील उष्णता चौपट. मित्राने सांगितलेला आकडा जसाच्या तसा वापरला, तर मोटर भाजते नाहीतर चिप जळते. रोधकावर छापलेले आकडे पाहायला भिंग आणि एक मिनिट पुरते.

म्हणूनच सुट्या भागांचा आग्रह. ड्रायव्हर खोचून बसवलेला असेल, तर जळलेला काढून दुसरा लावता येतो. सारे एकाच बोर्डावर डाख देऊन बसवलेले, वर नकाशाही दिलेला नाही, अशी पेटी घेतली तर एका चिपपायी सगळीच टाकावी लागते. प्रदर्शन संपते, चिप जळते आणि यंत्रावर झाकलेले कापड पुन्हा निघत नाही. पैसे तर जातातच, पण "हे आपल्याला जमणारे नाही" ही भावना मनात घर करते. ते नुकसान मला मोठे वाटते.

दोन गोष्टी मात्र कधीही विसरू नका. पुरवठा चालू असताना मोटरीची तार उपटू नका, कारण प्रवाह एकाएकी तुटला की वेटोळ्यात मोठा दाब निर्माण होतो आणि ड्रायव्हर मरतो. दुसरे, धोक्याच्या वेळी दाबायच्या लाल बटणाने पात्याचा वीजपुरवठाच तुटला पाहिजे. बोर्डच गोठला, तर त्याला धाडलेला 'थांब' हा निरोप ऐकणार कोण? २३० व्होल्टची जोडणी जाणत्या वडीलधाऱ्यांकडूनच करून घ्या आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याखेरीज यंत्र सुरू करू नका.

तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, पुण्याच्या बुधवार पेठेत जा किंवा घरबसल्या मागवा. किंमत विचारण्याआधी चार प्रश्न विचारा : ड्रायव्हर किती प्रवाह आणि किती दाब सोसतो? रोधक किती ओहमचा? जळलेला भाग सुटा बदलता येतो का? आज्ञावली खुली आहे का? उत्तरे मिळाली नाहीत, तर वस्तू कितीही स्वस्त असो, दुसरे दुकान पाहा. उत्तरे मिळाली आणि तुम्हाला ती कळली, तर तयार वस्तू घेऊनही तुम्ही पुष्कळ शिकलात, असे मी खुशाल म्हणेन.