सातव्या सत्राचे गाव

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो, आणि तो बहुतेक ठिकाणी ऐन खरिपात येतो. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली महादेव कोळी मुलगी तेव्हा असते कुठे? महाविद्यालयाच्या सोयीच्या एखाद्या उसाच्या गावात, माती परीक्षणाचे तक्ते भरत. घरी राबावरची नागलीची रोपे उपटून लावायची वेळ झालेली असते आणि माणसे कमी पडत असतात.

आदिवासी पदवीधरांपुढे बोलायची वेळ आली की आपण ‘गावाकडे परत या’ म्हणून मोकळे होतो. दोन एकर वरकस आणि तिघे भाऊ, तर परत येऊन खायचे काय, हे कोणी सांगत नाही. मुले नाते तोडत नाहीत. नाशिक-पुण्याला नोकरी करणारी कितीतरी जण आवणीला रजा टाकून घरी जातात. त्यांच्या पदवीला मात्र त्या शेतात काही काम नसते.

काम आहे, आणि ते पडून आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा न शिकता बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या भागातल्या जाणत्या बाया काळभात, रायभोग हे भाताचे स्थानिक वाण नुसत्या लोंबीवरून ओळखतात. असा वाण शेतकऱ्यांच्या नावे नोंदवण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने दिला, नोंदणीला शुल्कही नाही. पण अर्जात रोपाच्या ठेवणीपासून दाण्याच्या आकारापर्यंत एकेक गुणधर्म लिहावा लागतो. वनस्पती प्रजननाच्या प्रात्यक्षिकात आपण त्या मुलीला हेच शिकवतो. फक्त तिच्या आईच्या शेतात करायला सांगत नाही.

आमची सूचना साधी आहे. आदिवासी विद्यार्थ्याला कार्यानुभवासाठी स्वतःचे गाव मागता यावे. फुटव्यापासून काढणीपर्यंत एका स्थानिक वाणाची नोंदवही हा त्याचा प्रकल्प धरावा, आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या विषय विशेषज्ञाने बांधावर येऊन गुण द्यावेत. नागली-वरईच्या शंकांना इगतपुरीचे संशोधन केंद्र आहेच. सत्र संपल्यावर उरलेली काढणी घरच्यांनी लिहून ठेवली तरी चालेल. घरी राहून मुले टंगळमंगळ करतील, असा आक्षेप येईल. परगावी ती करत नाहीत, असे छातीठोक सांगणारा प्राध्यापक आम्हाला अजून भेटायचा आहे.



नोंदवहीचा नमुना पुढच्या अंकात छापत आहोत. कोणत्या महाविद्यालयात हे करून पाहता येईल, ते शिक्षकांनी गावांच्या याद्या पक्क्या होण्याआधी कळवावे.