आपण तरी काय दिवे लावले?

गेल्या शनिवारी 'डार्क ब्लू वर्ल्ड' पाहिला. २००१ सालचा झेक सिनेमा. हिटलरने देश गिळला म्हणून इंग्लंड गाठून ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या वैमानिकांची गोष्ट. १९४८ मध्ये मायदेशी कम्युनिस्टांची सत्ता आली आणि यातल्या अनेकांना तुरुंगात टाकलं. का, तर पाश्चात्त्यांच्या बाजूने लढलात! त्यांचे खरेखुरे प्रमुख कारेल यानोउशेक १९६० पर्यंत आत होते. मान परत मिळाला तो १९९१ मध्ये, ते जाऊन २० वर्षं झाल्यावर.

'कसले कृतघ्न लोक!' म्हणून टीव्ही बंद केला. आणि मग आठवलं, आपण तरी काय दिवे लावले?

डोंबिवलीहून स्लो लोकलने निघालं की ठाण्यानंतर मुलुंड येतं. १९४६ मध्ये तिथल्या छावणीत आपलेच नौसैनिक डांबले होते. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' तळावर निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या असह्य होऊन संप सुरू झाला. बघता बघता सुमारे २०,००० नौसैनिक त्यात उतरले. यातल्या अनेकांनी महायुद्धात काम केलं होतं. मुंबईकर त्यांच्यासाठी रस्त्यावर आले, गोळीबारात २०० हून जास्त माणसं मेली. सूडाची कारवाई होऊ देणार नाही, या सरदार पटेलांच्या भरवशावर २३ तारखेला त्यांनी शस्त्रं ठेवली. पुढे काय? अटक, छावण्या आणि ४७६ जणांना नौदलातून नारळ.

इथपर्यंत इंग्रजांचं राज्य होतं, ठीक. पण १५ ऑगस्ट १९४७ नंतर? राज्य आपलं, झेंडा आपला, तरी यांना नोकरीवर परत घेतलं नाही. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांनाही लष्करात परत घेतलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम नवी बसवली, पण ब्लॅकलिस्ट जुन्या मालकाचीच कॉपी-पेस्ट केली.

शिस्तीचं काय, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. बंड करणाऱ्याला बक्षीस दिलं तर सैन्य चालणार कसं? पण मग ज्यांच्याविरुद्ध बंड केलं त्यांना घालवल्याचा उत्सव आपण दरवर्षी का करतो? एकेकाची केस तपासून घ्यायला कोणी अडवलं होतं?

आपण कोणाला १२ वर्षं तुरुंगात सडवलं नाही, हा फरक मोठा आहे, मान्य. पुढे स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन आली, २००१ मध्ये कुलाब्याला स्मारक झालं. पण १९४६ मध्ये जो पोरगा विशीत होता, तो तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होता. त्याला पुतळा नको होता हो, युनिफॉर्म हवा होता.

असो. सोमवारी लोकल मुलुंडला थांबली की खिडकीतून एकदा बाहेर बघा. मी तर बघणार आहे.