विषबाधेचा पहिला तास

दुपारच्या वेळी घरातील मोठी माणसे जरा लवंडावीत आणि तेवढ्यात दोन वर्षांच्या मुलाने पाण्याची समजून रॉकेलची बाटली तोंडास लावावी, असे प्रसंग आपल्याला अपरिचित नाहीत. मग शेजारीपाजारी धावून येतात. कोणी मिठाचे पाणी पाजा म्हणतो, कोणी घशात बोटे घालावयास सांगतो. त्यांच्या सद्‌हेतूविषयी शंका नाही. परंतु उलटी करविताना रॉकेल फुप्फुसांत शिरले, तर होणारा अनर्थ पोटातील रॉकेलाहून भयंकर असतो. संडास धुण्याचे आम्ल पोटात गेले असता उलटीमुळे अन्ननलिका दुसऱ्यांदा पोळते.

अशा घटकेस काय करावे, आणि त्याहीपेक्षा काय करू नये, हे सांगणारा जाणकार दूरध्वनीवर तत्काळ मिळावा, हेच विषमाहिती केंद्राचे प्रयोजन होय. अमेरिकेत शिकागो येथे १९५३ साली असे केंद्र निघाले. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ साली राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. डॉक्टरांप्रमाणेच सामान्य नागरिकासही तेथे विचारणा करता येते. पण सत्तरी-काणकोणातील किती घरांपर्यंत त्याचे नाव पोचले आहे? आणि घाबरलेल्या माऊलीने कोकणीत केलेला आक्रोश दिल्लीस कळावा तरी कसा?

या केंद्रांचे दुसरे कार्य नोंदीचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोचले. विषबाधेची प्रत्येक घटना वेळीच एका ठिकाणी नोंदली गेली असती, तर धोक्याची घंटा आधी वाजली असती. श्रीलंकेने अत्यंत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. कोणते विष माणसे मारते हे ठाऊक असल्याखेरीज असा निर्णय घेता येत नाही.

गोव्यापुरते बोलावयाचे तर बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय हे अशा सेवेचे स्वाभाविक स्थान आहे. मराठी-कोकणीत बोलणारा जाणकार तेथे अहोरात्र असावा. त्याचा क्रमांक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, शाळेत आणि खते-औषधांच्या दुकानात ठळक लावलेला असावा. कोणत्या केंद्रात कोणता उतारा व किती सर्पविषप्रतिबंधक लस शिल्लक आहे, हेही त्यास ठाऊक असावे. यास भव्य इमारत लागत नाही. लागते ती चोवीस तासांची जागरूकता. रुग्ण इस्पितळात पोचल्यावर धावपळ करणारे शासन त्याच्या घरातील पहिल्या तासाचीही जबाबदारी स्वीकारील काय?