सर्व्हर फास्ट झाला म्हणजे नेमकं काय झालं?

"अरे, सर्व्हर एकदम फास्ट झाला!" असं ओरडत मी लॅबमधून बाहेर आले, तेव्हा वाटलं होतं की आपण फार मोठा तीर मारला.

मित्रांनो, झालं असं. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणून आमच्या लॅबच्या वेब सर्व्हरवर आम्ही अल्मालिनक्स ९ टाकलं. मग अपाची बेंचने १००० रिक्वेस्ट मारल्या, एका वेळी ५०. सेकंदाला पूर्ण होणाऱ्या रिक्वेस्टचा आकडा आधीपेक्षा कितीतरी वाढलेला! लगेच चहा झाला. दुसऱ्या दिवशी पुसद-दिग्रसहून पहाटेच्या एस.टी.ने आलेली ज्युनिअर मुलं दारात उभी. प्रॅक्टिकलच्या बॅचेसचं पान कुणालाच उघडलं नव्हतं.

कारण साधं होतं. जुन्या सिस्टिमबरोबर पीएचपी ५.४ यायचं, नवीबरोबर ८.० आलं. आमच्या कोडमधली मायएसक्यूएलची जुनी फंक्शन्स पीएचपी ७ मध्येच काढून टाकली गेली. त्यामुळे सर्व्हर पानाऐवजी एरर ५०० देत होता. आणि 'नाही' म्हणायला वेळ कितीसा लागतो? रिपोर्टमध्ये चुकीच्या उत्तरांची वेगळी ओळ होती. मी ती वाचलीच नाही.

आपल्या यवतमाळात कापसाची गाडी काट्यावर दोनदा चढते, भरलेली आणि रिकामी. काटा तोच, गाडी तीच, तेव्हा कुठे हिशोब पटतो. आम्हीही दोनदा मोजलं, पण दुसऱ्या वेळी गाडीच दुसरी होती! म्हणून माझं स्पष्ट मत आहे: अपग्रेडच्या आधी आणि नंतर तेच पान, तेवढाच लोड, दुसऱ्या मशीनवरून मोजा. पहिली फेरी सोडून द्या, तेव्हा कॅश रिकामी असते. आणि सगळ्यात आधी, पान बरोबर येतंय का ते डोळ्यांनी बघा.

सरासरीवरही भुलू नका. १०० पैकी ९९ जणांना ५० मिलिसेकंदांत पान मिळालं आणि एकाला ५ सेकंद लागले, तरी सरासरी १०० मिलिसेकंदांच्या आतच येते. तो एक जण कागदावरून गायब! १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला, तेव्हा साइट कित्येक तास उघडत नव्हती. रोजच्या गर्दीत मोजलेला वेग अशा दिवशी काय कामाचा?

अपग्रेडनंतर वेग कमी झाला तरी ते नेहमीच चूक नसतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन उघडकीस आल्यावर जे पॅच आले, त्यांनी बरेच सर्व्हर थोडे मंदावले. तरी ते टाकावेच लागले, कारण सुरक्षितता महत्त्वाची. पण किती मंदावले हे मोजल्याशिवाय कसं कळणार?

आता आमच्या सर्व्हरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलाय: तारीख, आधीचे आकडे, नंतरचे आकडे, एरर किती. पुढच्या वेळी कुणी "फास्ट झाला!" म्हणून ओरडलं, तर आधी तो कागद भरायला सांगा. मलासुद्धा!