मोडक्या अक्षरांची मराठी

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तरीही छायाचित्रांवर मजकूर चढवून मोबाइलवरून फिरविल्या जाणाऱ्या सूचनापत्रकांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसलेली आणि ‘शक्ती’ची ‘शक्‌ती’ झालेली आजही आढळते. हा दोष देवनागरीच्या माथी मारण्याची काहींना हौस आहे. ते आम्हांस मान्य नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान आहे. फोटोशॉपमध्येही अक्षरजुळणीचा दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडला व युनिकोड फॉन्ट घेतला, की वेलांटी आपल्या जागी येते. काम क्षणाचे, पण ते करावयाचे कोणी? जुन्या फॉन्टांवरच गाडा रेटला जातो. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असल्यामुळे फॉन्ट हरवला, की मजकुराची निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात.

लसीकरणाची तारीख, पीकविम्याची मुदत आज अशाच चित्रांतून घरोघर पोहोचते. ज्या प्रौढ माणसास कालपरवा अक्षरओळख झाली, त्याने ही मोडकी अक्षरे लावावीत तरी कशी? राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवून दिले. ते मुलांनी शाळेत गिरवावयाचे आणि कार्यालयांनी चित्रावर मोडावयाचे, हा न्याय कोणता? शासकीय जाहिरातींच्या कंत्राटांतच शुद्ध युनिकोड मजकुराची अट घालावी, आणि ती न पाळणाऱ्याचे देयक रोखावे.