मिनिटांचे उत्तरदायित्व कोणाचे?

संसदेत प्रश्नोत्तराच्या तासाला आरोग्यसेवेच्या दुरवस्थेचा विषय निघाला, की सरकारी उत्तरात एक ओळ हमखास असते : रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. राज्यसूचीतील सहावी नोंद पाहता ती चूक नाही. मात्र हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला या अधिकारविभागणीशी कर्तव्य नसते. रक्तवाहिनी बंद पडल्यानंतर हृदयाचा स्नायू मिनिटागणिक निकामी होत जातो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या एक-दोन तासांत मिळाले, तर त्याचा लाभ सर्वाधिक. बारा तासांनंतर तो फारसा उरत नाही.

ही मिनिटे नेमकी कोठे वाया जातात? देशातील ५० शहरांमधील ८९ रुग्णालयांची पाहणी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केली. वेदना सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक कालावधी ३६० मिनिटे होता. तेथे पोहोचल्यावर इंजेक्शन मिळेपर्यंतचा अवघा ५०. महिनाभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण गरिबांमध्ये ८.२ टक्के, तर श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के आढळले. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेताच ही तफावत नाहीशी झाली. याचा अर्थ स्पष्ट आहे. गरिबाचे हृदय अधिक दुबळे नव्हते, त्याच्या वाट्याला आलेले उपचार अपुरे होते.

केंद्राने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधवेष्टित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली गेली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना वार्षिक पाच लाखांचे विमासंरक्षण दिले. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. परंतु दोहोंचा लाभ रुग्णालयाच्या दारापासून पुढे सुरू होतो. दारापर्यंतच्या सहा तासांना वाली नाही. इमारतीचे भूमिपूजन करता येते. वाचविलेल्या मिनिटांचे करता येत नाही, हे त्यामागचे राजकीय गणित.

कायद्याची स्थितीही अशीच अर्धवट आहे. तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात १९९६ मध्येच ठरविले. अत्यवस्थ रुग्णाला स्थिर करण्याचे बंधन घालणारा वैद्यकीय आस्थापना कायदा संसदेने २०१० मध्ये संमत केला. पण राज्यांत तो लागू होणे त्या त्या विधिमंडळाच्या मर्जीवर राहिले. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा केला, तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. विनाशुल्क तातडीच्या उपचारांचा मोबदला कोण देणार, हा त्यांचा प्रश्न गैरलागू नव्हता. हक्क घोषित करणाऱ्या सरकारने खर्चाची तरतूदही सांगितली पाहिजे.

मार्ग अज्ञात नाही. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी आणि रुग्णवाहिकांशी जोडल्यानंतर वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. गोव्यानेही परिघावरील आरोग्यकेंद्रे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडली. खुद्द राजधानीत २०१९ मध्ये ‘एम्स’भोवतीच्या तीन किलोमीटरच्या टापूत मोटारसायकलवरून परिचारक पाठविण्याचा प्रयोग आरंभला गेला. ईसीजी यंत्र, तो दुरून वाचणारा तज्ज्ञ आणि तालुक्याच्या ठिकाणीच दिले जाणारे इंजेक्शन एवढीच या साखळीची मूलभूत गरज आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातून केंद्र राज्यांना निधी देते, रुग्णवाहिकांनाही देते. त्या निधीला एक अट जोडता येईल : वेदना सुरू झाल्यापासून उपचारांपर्यंत किती मिनिटे लागली, याची जिल्हावार नोंद दरवर्षी विधिमंडळापुढे आणि संसदेपुढे ठेवावी. त्यासाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. ती नोंद सभागृहाच्या पटलावर आली, तर ‘हा राज्यांचा विषय आहे’ एवढ्यावर केंद्राला थांबता येणार नाही आणि राज्यांनाही दिल्लीकडे बोट दाखविता येणार नाही.